अडतीस तासांची साक्ष

मित्रांनो, काचेच्या कपाटात वरच्या खणात, उजवीकडून तिसरं, पांढऱ्या तबकडीचं जे जुनं सोन्याचं घड्याळ दिसतं ना, ते मी. सध्या मुक्काम नागपूर. माझ्याकडे बघून लोक "वा!" म्हणतात. कुणी भिंग लावून बघतं, कुणी फोटो काढतं. पण मला वेळ मात्र कुणी विचारत नाही. घड्याळाला वेळ न विचारणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पाणीसुद्धा न विचारणं. असो. तुम्ही आलाच आहात तर बसा जरा, माझी हकीगत ऐका. आधीच सांगून ठेवतो, मी फार चिडलेला आहे. मला दगा दिलाय, आणि तोही घरच्या माणसांनी.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधला, सत्तर वर्षांपूर्वीचा. माझ्यासारखी फार थोडी घडवली, शंभरसुद्धा नसतील. अंग सोन्याचं, जाडी बेताची. कोटाच्या बाहीखालून हळूच डोकावावं, समारंभात मिरवावं, एवढंच काम. आणखी एक गुण माझ्यात होता. मला रोज किल्ली द्यावी लागत नाही, आणि सेल तर माझ्या पोटात नाहीच. पोटात एक अर्धगोल वजन आहे. ज्याच्या मनगटावर मी असेन त्याचा हात हलला की ते वजन गरगर फिरतं आणि माझी स्प्रिंग गुंडाळली जाते. माणूस हलला की मी चालणार, माणूस थांबला की काही तासांनी मीही थांबणार. असा माझा सरळ कारभार. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं परदेशी सोन्याचं घड्याळ बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजाला कसं पोचलं? ती करामत उकंडरावाची. उकंडराव मूळचा रोहिणखेडचा, शेतकऱ्याचा मुलगा. मामाकडे राहून पिंपळगावच्या शाळेत शिकायचा. विज्ञानात अगदी कच्चा. तिथले विज्ञानाचे मास्तर, भालचंद्र सर, यांनी त्याला दोन वर्षं संध्याकाळी आपल्या ओसरीवर बसवून शिकवलं. पोरगा पास झाला, पुढे बोटीवर इंजिनखात्यात लागला, देशोदेशी फिरला. १९७९ साली सुट्टीवर आला तो मला खिशात घालून. कुठल्याशा बंदरातल्या जुन्या दुकानात त्यानं मला सरांसाठी हेरलं होतं.

सर काही मला हात लावेनात. म्हणाले, "उकंड्या, हे परत घेऊन जा. मास्तर सोन्याचं घड्याळ घालून वर्गात गेला तर पोरं फळ्याकडे बघतील का?"

उकंडरावानं कानाची पाळी धरली. "सर, तुम्ही आमाले ऊर्जेचा धडा शिकवला, तवा दाखवाले तुमच्यापाशी काईच नव्हतं. आता हे शैक्षणिक साहित्य समजा अन् ठेवा."

शैक्षणिक साहित्य! मी! राजवाड्यातल्या जेवणावळींसाठी घडलेला मी एकदम खडू, डस्टर आणि बेडकाच्या चित्राच्या पंगतीत जाऊन बसलो. पण खरं सांगू? तेच दिवस माझे सोन्याचे होते. दर वर्षी ऊर्जेचा धडा आला की सर वर्गातला सगळ्यात वळवळा पोरगा निवडायचे आणि मला त्याच्या हातावर बांधायचे. तो वर्गभर हात झुलवत फिरायचा. मग मला एकेकाच्या कानाशी धरून सर विचारायचे, "याच्या हाताची हालचाल कुठं गेली?" आणि साठ पोरं ओरडायची, "घड्याळात, सर!" तो आवाज ऐकून माझं वजन नुसतं थरथरायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात सरांनी माझी परीक्षा घेतली. माझी स्प्रिंग पूर्ण भरून मला टेबलावर अजिबात न हलवता ठेवलं. पोरांनी पाळ्या लावल्या. मी अडतीस तास चाललो आणि थांबलो. सरांनी वहीत लिहिलं: स्थिर टेबलावर, अडतीस तास. सरांना नोंदीचं भारी वेड. पाऊस, ऊन, शाळेच्या आवारातल्या लिंबाचा घेर, सगळ्याची नोंद. "चुकलेली नोंद चालेल, खोटी चालणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचा मुलगा कुशल त्यांच्याच वर्गात होता. त्यानं एकदा लोलकाचा प्रयोग न करताच मित्राच्या वहीतले आकडे उतरवले. सरांनी त्याला प्रात्यक्षिकात शून्य दिलं, भर वर्गात. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सरांनी शून्याचा अर्धासुद्धा केला नाही.

सरांची आणखी एक गंमत होती. वर्गात ते छापील पुस्तकासारखं मराठी बोलायचे, आणि घराचा उंबरा ओलांडला की पक्के वऱ्हाडी व्हायचे. घरात त्यांची बायको, स्नेहलता. गाव तिला काकू म्हणायचं, मीही तसंच म्हणतो. एकदा खामगावला एका लग्नाला निघताना काकू हळूच म्हणाल्या, "मले घालून पाहू द्या ना जरासं."

"अवं, तुह्या हाताले दिवसभर पानी अन् पीठ," सर म्हणाले. "याच्या पोटात गेलं तर?"

काकूंनी पुन्हा नाव काढलं नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. पण ओसरीवर सरांची शिकवणी चालायची तेव्हा त्या आतल्या खोलीत तुरीची डाळ निवडत बसलेल्या असायच्या, आणि माझा धडा त्यांनी दर वर्षी ऐकला होता. अर्धगोल वजन, स्प्रिंग, हात, अडतीस तास, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. सरांना याचा पत्ताच नव्हता.

सर निवृत्त झाले, कुशल पुण्याला नोकरीला गेला, उकंडराव देवाघरी गेले. मी सरांच्या डाव्या मनगटावर होतो तिथंच होतो. मग मागच्या वर्षी दिवाळीनंतर, एका सकाळी दाढी करता करता सरांच्या डाव्या हातातला आरसा खाली पडला. आरशामागून सर पडले. अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली, पण डावी बाजू गेली. दवाखान्यात मला काढून काकूंच्या पर्समध्ये टाकलं आणि तिथं मी थांबलो.

तीन आठवड्यांनी सर घरी आले. आल्या आल्या म्हणाले, "घड्याळ बांध." काकूंनी मला जरा हलवून चालू केलं आणि त्या निर्जीव मनगटावर बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आतच मी पुन्हा थांबलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हात गेला. घड्याळानं दाखला देला."

त्या दिवसापासून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले सहा महिने व्यायाम केला तर पाय तरी सुधारेल, नाहीतर माणूस कायमचा खाटेला खिळेल. काकू पायाला हात लावायला गेल्या की सर म्हणायचे, "कायले? जाऊ दे." कढी-भाकर पुढे तशीच निवायची. डोळे खोल गेले, गालफडं बसली. काकू स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडायच्या आणि डोळे पुसून बाहेर यायच्या. माणूस हातचा चाललाय हे त्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं.

सरांची जन्माची सवय, झोपताना मला काढून उशाशी स्टुलावर ठेवायचं. एका पहाटे काकूंनी मला स्टुलावरून उचललं. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मला आपल्या उजव्या हातात चढवलं. बांगड्यांच्याही वर, कोपराच्या जरा खाली, आणि वरून एक रुमाल गुंडाळला.

मित्रांनो, त्या पहाटे माझी काय दशा झाली म्हणून सांगू! आधी अंगण झाडलं. मग ज्वारीचं पीठ मळलं. मग भाकर थापायला घेतली. थाप, थाप, थाप! असल्या गदागदा हलण्याची मला सवय नव्हती. माझं वजन पोटात असं भिरभिरलं की मला वाटलं, आता खिळखिळा होतो. पाण्याचं काम आलं की मात्र काकू मला काढून कोनाड्यात ठेवायच्या. सरांचं ते जुनं वाक्य त्या विसरल्या नव्हत्या. दोन तासांत मी गच्च भरलो. सात वाजता त्यांनी मला पदरानं पुसलं, सरांचं तोंड धुतलं, आणि मला त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं. जणू काही झालंच नाही.

मग रोज पहाटे हेच. दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सरांची नजर माझ्यावर गेली. "अवं," ते ओरडले, "हे काऊन चालून राह्यलं?"

"मले काय मालूम," काकू दारातून म्हणाल्या. "तुमचा हात हलत असंन."

सर हातात बोट रुतवून बघायला लागले. मग म्हणाले, "वही आन माही."

झालं! त्या दिवसापासून सर पुन्हा सर झाले. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांशी माझी वेळ ताडून बघायची आणि उजव्या हातानं वहीत नोंद करायची. व्यायामाच्या वेळी मला काढून ठेवायला लावायचे, कारण उजव्या हातानं डावा उचलला तर ती हालचाल हिशेबात यायला नको. केवढा तो काटेकोर माणूस! "अडतीस तास उलटले," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "तरी चालू आहे. म्हणजे हात हलतो. मला कळत नाही, पण घड्याळाला कळतं. पुरावा आहे." आणि ज्या माणसानं तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं, त्यानं स्वतः एकही विचारला नाही. रात्री मी स्टुलावर असतो, त्या वेळाचं काय, हे त्यांनी मनात येऊच दिलं नाही. त्यांना ते नकोच होतं.

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. सर दोन वेळा जेवायला लागले. पाय उचलायचा व्यायाम शंभर-शंभर वेळा करायला लागले. माघात काठी धरून उभे राहिले, होळीला ओसरीपर्यंत चालत गेले. डावा हात मात्र होता तसाच लोंबत होता. पण माझ्या मनात एक कुसळ सलत होतं. आयुष्यभर मी कधी खोटी वेळ दाखवली नाही, आणि आता पाच महिने रोज सकाळी सात वाजता माझ्या तोंडून खोटी साक्ष वदवली जात होती. मला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला चालेल का? काकूंनी मला हाताशी धरलं तशी मी हातमिळवणी केली. करणार काय? घड्याळाला तोंड असतं, पण नाही म्हणायची सोय नसते.

मे महिन्यात कुशल पुण्याहून आला. एकटा नाही, सोबत नागपूरचे प्रेमानंद नावाचे गृहस्थ. जुनी घड्याळं जमवायचा त्यांना नाद. कुशलनं माझा फोटो कुठंतरी टाकला होता आणि तो पाहून ते धावत आले होते. "काका, नुसतं बघतो," असं म्हणून त्यांनी मला सरांच्या मनगटावरून अलगद काढलं. भिंग डोळ्याला लावलं, कानाशी धरलं, पाठीवर बोट फिरवलं. माणूस जाणकार होता. मला हळूच उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "वा! भरलेलं आहे, मस्त चाल आहे. रोज कोण घालतं?"

"मीच," सर अभिमानानं म्हणाले. "याच हातावर. ही वही बघा."

प्रेमानंदांनी वही पाहिली, त्या हाताकडे पाहिलं, आणि जरा घुटमळले. "काका, राग मानू नका. पण या हातावर हे एवढं भरणार नाही. हे चांगलं वापरातलं घड्याळ आहे." मग त्यांनी खिशातून एक बारीक काडी काढली आणि माझ्या पट्ट्याच्या कडीपाशी फिरवली. तळहातावर पांढरा चुरा पडला. वाळलेलं पीठ. त्यांनी वास घेतला. "ज्वारीचं," ते हसून म्हणाले. "कुणीतरी याच्यासकट भाकरी थापतंय."

बिचाऱ्याला वाटलं, आपण गंमत केली. ओसरीवर कुणीच हसलं नाही. मी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच महिने काकूंनी जीव लावून पुसलं, आणि माझ्याच अंगावरच्या कणभर पिठानं त्यांची चुगली केली.

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. काकू तिथंच उभ्या होत्या.

"स्नेहलता," सर म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. आणि आवाज वर्गातला, छापील मराठीतला. "हे पीठ कुठून आलं?"

"माह्या हाताचं हाय."

"किती दिवस?"

"तुम्ही वही मांगतली त्याच्या आंधीपासून."

"म्हणजे या सगळ्या नोंदी खोट्या आहेत."

"हाव, खोट्या हायेत!" काकूंचा बांध फुटला. "काऊन केलं ते विचारा ना मले! भिताडाकडे तोंड करून पडले होते तुम्ही. घास तोंडात जाऊन नाही राह्यला होता. डॉक्टर म्हने पाय हलवा, तुम्ही म्हने कायले. मंग मी काय करू? तुमचं विज्ञान घेऊन बसू? मले नोंद नव्हती पाहिजे. मले तुम्ही पाहिजे होते!"

"आई..." कुशल म्हणाला. लोलकाचं शून्य त्याच्या तोंडावर आलं असावं, पण त्यानं ते गिळलं. एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

सर शांतपणे म्हणाले, "तू मला खोट्या पुराव्यावर जगवलंस." मग प्रेमानंदांकडे वळून म्हणाले, "तुम्ही सोमवारपर्यंत खामगावला थांबू शकता? हे घड्याळ मला दोन दिवस हवं आहे. प्रयोग राहिला आहे."

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता त्यांनी मला प्रेमानंदांकडून पुरतं भरून घेतलं आणि कुशलकडून आपल्या डाव्या मनगटावर बांधून घेतलं. दोन दिवस आंघोळ नाही, व्यायाम नाही, रात्रीही काढायचं नाही. कुणी हात लावायचा नाही. "टेबलावर अडतीस तास," सर म्हणाले. "हातावर त्यापेक्षा जास्त चाललं, तर हातात जीव आहे. नाही तर नाही." काकूंशी ते एक शब्द बोलले नाहीत. ताट कुशलनं आणलं.

मित्रांनो, असे दोन दिवस माझ्या वाट्याला पुन्हा न येवोत. सर डोळे मिटून, ओठ आवळून सगळं बळ त्या हातात आणत होते. कपाळावर घाम फुटायचा, मानेची शीर तटतटायची. मी मनात म्हणत होतो, सर, एक बोट, एकच बोट हलू द्या, बाकी मी बघून घेतो. बोट काही हलत नव्हतं. माझं वजन पोटात गप्प पडून होतं. मी एकेक सेकंद पुरवून पुरवून खर्च करत होतो, जणू काटकसरीनं जास्त चालता येतं!

रविवारी दुपारी सरांचा डोळा लागला. कुशल बाहेर गेला होता. काकू पायांचा आवाज न करता खाटेपाशी आल्या. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचा हात माझ्याजवळ आला, अगदी जवळ, त्यांच्या बांगडीचा गारवा मला लागला. दोन-चार वेळा हात उचलून हलवला असता की झालं असतं! मी आणखी दहा तास चाललो असतो, सर जिंकले असते, घर पुन्हा हसलं असतं. हलवा की, काकू, मी आतून ओरडलो. पाच महिने हलवलं, आता एकदा हलवा!

काकूंनी हात मागे घेतला. "पुरे झालं," स्वतःशीच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यांनी मला खोटं बोलायला शिकवलं आणि नेमक्या वेळी मला एकट्याला साक्षीला उभं केलं. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

सोमवारी सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी मी थांबलो. अडतीस तासांना दहा मिनिटं कमी. ती दहा मिनिटं माझ्या म्हातारपणाची. सरांचा हात आणि शाळेतलं ते लाकडी टेबल, दोन्हींत मला काही फरक सापडला नाही. मी खरं ते सांगितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

सरांनी वही मागवली. उजव्या हातानं लिहिलं: हातावर, अडतीस तासांना दहा मिनिटं कमी. हात नाही. खाली रेघ मारली आणि वही मिटली. मग कुशलला म्हणाले, "हे त्या गृहस्थांना देऊन टाक."

"बाबा, नक्की? उकंडरावांनी दिलेलं..."

"ज्यानं एकदा खोटी साक्ष दिली त्याला मी घरात ठेवणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पंचेचाळीस वर्षं! साठ साठ पोरांपुढे ज्याला कानाशी धरलं, त्याला निरोपाचं एक बोट लावलं नाही. खोटं चाललो तोवर मी पुरावा होतो, लाडका होतो. खरं बोलून थांबलो तसा मी खोटारडा ठरलो. मला सगळं कळतं हो. राग काकूंवर होता. पण काकूंना घालवता येत नव्हतं, म्हणून मला घालवलं. माणसाच्या रागाला कुठंतरी जावंच लागतं, आणि वस्तू काही उलटून बोलत नाही.

काकू दारापर्यंत आल्या. कुशलच्या हातातून मला घेतलं, पदरानं पुसलं. कडीपाशी जास्तच वेळ पुसलं. "चुकलं माहं," असं त्या माझ्याशी बोलल्या की आतल्या माणसाशी, ते मला कळलं नाही. मग मी निघालो.

आता इथं नागपूरला माझी बडदास्त विचारू नका. मखमलीची गादी आहे, काचेवर धूळ बसू देत नाहीत. ज्या पेटीत मी बसतो ती विजेवर हळूहळू फिरते, आणि तिच्याबरोबर माझं वजनही फिरतं. म्हणजे कुणाच्याही हाताशिवाय मी रात्रंदिवस चालतो. हात नाही, माणूस नाही, आणि घड्याळ चालू! याच अपराधासाठी मला घराबाहेर काढलं होतं ना? इथं त्यालाच शोभा म्हणतात. आणि वेळ? वेळ कुणी लावलेलीच नाही. बाहेर दुपार असते तेव्हा माझ्या तबकडीवर भलतंच काहीतरी वाजलेलं असतं.

गेल्या आठवड्यात कुशल इकडे कामाला आला होता. प्रेमानंदांकडे चहा घेता घेता सांगत होता. सर आता काठीवर शाळेपर्यंत जाऊन येतात. शाळेत झेंडावंदनाला स्वतःच्या पायानं गेले. डॉक्टरांना नवल वाटलं, म्हणाले पहिल्या सहा महिन्यांतल्या व्यायामानं वाचवलं. ऐकलंत? तो व्यायाम कुणाच्या भरवशावर झाला? माझ्या! पण माझं नाव कुणी काढलं नाही.

"अन् आईबाबा बोलतात का?" प्रेमानंदांनी विचारलं.

कुशल हसला. "तीन आठवडे बोलले नाहीत. मग एक दिवस बाबा माझ्याबरोबर खामगावला आले आणि आईसाठी एक घड्याळ घेतलं. साधंच, सेलवर चालणारं, धुण्याभांड्याला पाणी लागलं तरी काही न होणारं. स्वतःच्या हातावर घालत नाहीत काही. भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे, पण बाबांना ते दिसत नाही. दिवसातून दहा वेळा आईला हाक मारतात, 'किती वाजले वं?' आई हातातली भाकर तव्यावर टाकते, मनगट बघते आणि सांगते."

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. माझी पेटी फिरत होती, आणि तिच्याबरोबर मी.

सेलवरचं घड्याळ! ज्याला हात हलो न हलो, काही देणंघेणं नाही, ते आता त्या मनगटावर बसून पीठ खातंय. मला दिलेलं ते दोन तासांचं पहाटेचं सुख, जे मी रुमालाखाली लपूनछपून भोगलं, ते त्याला उघड्यावर, दिवसभर मिळतंय. काकूंना चाळीस वर्षांपूर्वी मला नुसतं घालून पाहायचं होतं. तेव्हा एकदा घालू दिलं असतं, तर त्या मनगटावर आज मीच असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं घड्याळ असेल तर ते हातात घाला. आजीलाही घालू द्या, आईलाही घालू द्या, पीठ लागलं तर लागू द्या. पण ज्या गोष्टी आपल्या माणसाला तोंडानं सांगायच्या असतात त्या आमच्याकडून वदवून घेऊ नका. आम्ही तुमच्यासाठी खोटं बोलू, कारण आम्हाला नाही म्हणता येत नाही. पण मग ज्या दिवशी आम्ही खरं बोलू, त्या दिवशी आम्हाला घराबाहेर काढू नका. एवढंच मागणं आहे.

आणि जाता जाता मला किती वाजले ते विचारू नका. माझ्या तबकडीवर आता काहीही वाजलेलं असतं. खरी वेळ हवी असेल तर पिंपळगाव राजाला जा आणि काकूंना विचारा.